दिवाळीच्या रंगमंचावरून घरच्या पडद्यावर : संगीत नाटकाचा प्रवास आणि आपण

३१ ऑक्टोबर १८८०. पुण्यात दिवाळीची धामधूम सुरू होती. त्या दिवशी आनंदोद्भव नाट्यगृहात बळवंत पांडुरंग ऊर्फ अण्णासाहेब किर्लोस्कर यांनी कालिदासाच्या ‘शाकुंतला’चे मराठी संगीत रूप रंगमंचावर आणले. पहिल्या दिवशी सातांपैकी चारच अंक झाले. पण त्या चार अंकांनी मराठी माणसाला एक नवा सण दिला. तोवर नाटकात सूत्रधार गायचा आणि पात्रे बोलायची. आता दुष्यंत, शकुंतला, कण्वमुनी सगळेच आपले मन पदांतून सांगू लागले. दोनशेच्या घरात पदे असलेले हे नाटक पाहायला आणि ऐकायला लोक बैलगाड्या जोडून येऊ लागले.

सणासुदीला संगीत नाटक, ही आपली जुनी जोडी आहे. दिवाळी, गणेशोत्सव, गावची जत्रा, कोजागरी यांतले काहीही असो. मांडव पडला की नाटक हवेच. गोव्यात आणि कोकणात तर देवळाच्या उत्सवात गावकऱ्यांनीच संगीत नाटक बसवायचे, ही रीत पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली आहे. पुढे हेच नाटक आधी रुपेरी पडद्यावर, मग दूरदर्शनच्या छोट्या पडद्यावर आणि आता हातातल्या मोबाइलवर आले. या प्रवासात काय मिळाले आणि काय हातातून निसटले, याचा हिशेब या वर्षीच्या स्मरणिकेच्या निमित्ताने आम्ही मांडत आहोत. हा हिशेब पुण्या-मुंबईपेक्षा आपल्याला, म्हणजे सुरतेत राहून मराठी जपू पाहणाऱ्या पर्वत पाटियाकरांना, जास्त जवळचा का आहे, तेही ओघाने येईलच.

गुजरातचे देणे

संगीत नाटक म्हटले की डोळ्यांसमोर पुणे, सांगली, कोल्हापूर ही गावे येतात. पण या कलेच्या जन्मकथेत गुजरातचा वाटा थोडाथोडका नाही. आपल्या मुलांना हे सांगायलाच हवे, कारण “आपले काही इथले नाही” ही भावना त्यांच्या मनातून जायला याहून चांगला उपाय नाही.

पहिली गोष्ट, किर्लोस्करांना संगीत नाटकाची कल्पना सुचली ती पुण्यात आलेल्या एका पारशी नाटक मंडळीचा ‘इंद्रसभा’ हा खेळ पाहून. मंडळी पारशी, खेळाची भाषा उर्दू आणि पडद्यामागचा कारभार गुजराती. “हे मराठीत का होऊ नये?” असे अण्णासाहेबांच्या मनाने घेतले आणि ‘शाकुंतला’ची पदे लिहायला त्यांनी सुरुवात केली.

दुसरी गोष्ट, किर्लोस्करांचे दुसरे आणि सर्वांत लोकप्रिय नाटक ‘संगीत सौभद्र’. याचे पहिले तीन अंक १८ नोव्हेंबर १८८२ रोजी रंगमंचावर आले आणि पूर्ण नाटक पुढच्या वर्षी झाले. त्याची कथा घडते कुठे? द्वारकेत आणि रैवतक पर्वतावर. रैवतक म्हणजे आपला गिरनार, असे मानतात. बलरामाने सुभद्रेचे लग्न दुर्योधनाशी ठरवलेले, तिचे मन अर्जुनावर जडलेले, अर्जुन संन्याशाच्या वेषात द्वारकेत शिरलेला आणि हे सगळे घडवून आणणारा मिस्कील श्रीकृष्ण. मराठी रंगभूमीचे सर्वांत लाडके नाटक मुख्यतः गुजरातच्या भूमीवर घडते. भाषा मराठी, वागणे-बोलणे मराठी घरातले, आणि गाव मात्र द्वारका. आपल्यासारख्यांचेच नाटक आहे म्हणा ना!

तिसरी गोष्ट, या ‘सौभद्रा’तली पहिली सुभद्रा बडोद्याची. भाऊराव कोल्हटकर हे बडोद्यात जन्मलेले आणि तिथेच सरकारी नोकरी करणारे तरुण. किर्लोस्करांनी त्यांचा गळा ऐकला आणि त्यांना कंपनीत आणले. त्यांच्या आवाजाने महाराष्ट्र वेडा झाला. ‘भावड्या’ या लाडक्या नावाने ते घराघरांत पोचले.

चौथी गोष्ट तर आपल्या अगदी शेजारची. नाटककार राम गणेश गडकरी यांचा जन्म २६ मे १८८५ रोजी गणदेवी येथे झाला. बिलिमोऱ्याजवळचे, आजच्या नवसारी जिल्ह्यातले हे गाव त्या वेळी बडोदे संस्थानात होते. आपल्यापैकी अनेकजण मुंबईच्या गाडीत बसून त्या बाजूने कितीतरी वेळा गेले असतील. गडकऱ्यांचे ‘एकच प्याला’ हे नाटक गंधर्व नाटक मंडळीने २० फेब्रुवारी १९१९ रोजी पहिल्यांदा सादर केले, तेही बडोद्यातच. ते पाहायला गडकरी नव्हते. जेमतेम महिनाभर आधी, २३ जानेवारीला, सावनेर येथे त्यांचे निधन झाले होते. नाटकातली पदे विठ्ठल सीताराम गुर्जर यांनी रचली. सिंधूच्या भूमिकेत बालगंधर्व उभे राहिले आणि दारूपायी उद्‌ध्वस्त झालेल्या संसाराची ती कथा पाहून लोक ढसाढसा रडले. गंधर्व मंडळीला सयाजीराव महाराज गायकवाडांचा आश्रय होता, हेही इथे सांगायला हवे.

आणि आपल्यातले बहुसंख्य ज्या खानदेशातून आले, त्याचाही यात वाटा आहे. नारायण श्रीपाद राजहंस म्हणजे बालगंधर्व लहानपणी काही काळ जळगावात राहिले आणि तिथे मेहबूबखाँ यांच्याकडे त्यांनी गाण्याचे सुरुवातीचे धडे घेतले. आज जळगावात त्यांच्या नावाचे खुले नाट्यगृह आहे आणि तिथे दरवर्षी संगीत महोत्सव होतो.

मेळे, मांडव आणि ‘वन्स मोअर’

लोकमान्य टिळकांनी गणेशोत्सव सार्वजनिक केला, तेव्हापासून मेळ्यांची धूम सुरू झाली. एकसारखा पोशाख केलेली मुले टाळ, लेझीम आणि पदे घेऊन एका गणपतीपुढून दुसऱ्या गणपतीपुढे जात. त्यांच्या पदांच्या चाली बहुतेक गाजलेल्या नाटकांतून उचललेल्या असत. शब्द मात्र स्वदेशीचे, समाजसुधारणेचे, कधी सरकारला झोंबणारे. म्हणून मेळ्यांवर सरकारची करडी नजर असे. नाट्यगृहाचे तिकीट ज्याला परवडत नव्हते, त्याच्या कानावर नाट्यसंगीत पोचले ते असे, मेळ्यांतून आणि मांडवांतून.

नाटकाचा प्रयोग तेव्हा रात्री सुरू होऊन पहाटेपर्यंत चाले. पद आवडले की प्रेक्षक ‘वन्स मोअर’ देत आणि नट तेच पद पुन्हा गाई. पण पुन्हा म्हणजे तसेच्या तसे नव्हे. दुसऱ्यांदा गाताना तान वेगळी, तिसऱ्यांदा लय वेगळी. समोर बसलेल्या माणसांची दाद आणि नटाचा गळा यांच्या देवाणघेवाणीतून नाटक रोज नव्याने घडे. म्हणून एकच नाटक लोक दहा-दहा वेळा पाहत. गोष्ट पाठ असे, पदे पाठ असत. आज काय नवे होणार, याची उत्सुकता मात्र कायम असे.

पहिली ठेच

१९३१ साली भारतीय चित्रपट बोलू लागला आणि १९३२ मध्ये प्रभातचा ‘अयोध्येचा राजा’ हा मराठी बोलपट आला. त्यात हरिश्चंद्र झाले होते गोविंदराव टेंबे, म्हणजे ‘मानापमाना’च्या पदांना चाली देणारे रंगभूमीचेच गुणी कलावंत. बोलपटाचे तिकीट स्वस्त, खेळ अडीच-तीन तासांत संपणारा, दिवसातून अनेकदा दाखवता येणारा. मोठमोठ्या नाटक मंडळ्या कर्जात बुडाल्या. काहींनी बोलपटाचीच कास धरली. मास्टर दीनानाथांनी १९३४ मध्ये ‘कृष्णार्जुन युद्ध’ काढला. बालगंधर्व स्वतः प्रभातच्या ‘धर्मात्मा’ (१९३५) मध्ये संत एकनाथांच्या भूमिकेत दिसले.

त्यानंतरचा प्रयत्न आपल्या विषयाच्या दृष्टीने फार महत्त्वाचा आहे. १९३७ मध्ये बालगंधर्वांनी ‘साध्वी मीराबाई’ हा चित्रपट केला. रंगमंचावरचे नाटकच जवळजवळ जसेच्या तसे कॅमेऱ्यासमोर उभे करण्याचा तो उद्योग होता. ज्या गंधर्वांच्या नुसत्या दर्शनाने नाट्यगृह स्तब्ध होई, त्यांना पडद्याने साथ दिली नाही. असे का झाले? रंगमंचावर स्त्रीवेषातला पुरुष प्रेक्षकाला शेवटच्या रांगेतूनही स्त्रीच वाटे, कारण प्रेक्षक स्वतःच्या कल्पनेने ती स्त्री पूर्ण करत असे. कॅमेरा कल्पना करत नाही. तो जवळ जातो आणि असेल ते दाखवतो. पन्नाशीला टेकलेला नट, चेहऱ्यावरचा जाड रंग, दाद देणारे कोणी नसल्यामुळे अधांतरी गेलेले पद, हे सगळे पडद्यावर उघडे पडले.

नाटक पडद्यावर नेताना ते नुसते उचलून ठेवून चालत नाही, पडद्याच्या रीतीने ते पुन्हा रचावे लागते, हा धडा आपल्या मंडळींना दूरदर्शन यायच्या पस्तीस वर्षे आधीच मिळाला होता.

वरळीचा स्टुडिओ

२ ऑक्टोबर १९७२ रोजी मुंबई दूरदर्शन केंद्र सुरू झाले. त्याच्या थोडे आधी संगीत रंगभूमीला पुन्हा बहर आला होता. विद्याधर गोखल्यांची ‘पंडितराज जगन्नाथ’ आणि ‘सुवर्णतुला’, वसंत कानेटकरांचे ‘मत्स्यगंधा’, आणि २४ डिसेंबर १९६७ रोजी आलेले पुरुषोत्तम दारव्हेकरांचे ‘कट्यार काळजात घुसली’ ही नाटके गर्दी खेचत होती. ‘कट्यार’मध्ये खाँसाहेबांच्या भूमिकेत पंडित वसंतराव देशपांडे आणि संगीत पंडित जितेंद्र अभिषेकींचे. तेव्हा दूरदर्शनला कार्यक्रम हवे होते आणि रंगभूमीकडे ते भरभरून होते.

दूरदर्शनचे सुरुवातीचे निर्माते आणि कलावंत बहुतेक रंगभूमीवरूनच आले. ‘ती फुलराणी’ गाजवणाऱ्या भक्ती बर्वे मुंबई दूरदर्शनवर बातम्या वाचत. विनय आपटे निर्माते होते. आणि संगीत नाटकाच्या दृष्टीने ज्यांचे नाव आदराने घ्यायला हवे, त्या सुहासिनी मुळगावकर. संस्कृतच्या जाणकार, गाणाऱ्या, आणि संपूर्ण ‘सौभद्र’ एकटीने सादर करणाऱ्या. कृष्णही त्याच, सुभद्राही त्याच, अर्जुनही त्याच! पुढे त्या दूरदर्शनच्या निर्मात्या झाल्या. त्यांच्या एकपात्री प्रयोगात छोट्या पडद्याच्या युक्तीचे बीज होते, असे आम्हाला वाटते. मोठा नेपथ्यसंभार नाही, पन्नास माणसांचा दरबार नाही. एक चेहरा, एक आवाज आणि शब्द. छोट्या पडद्याला नेमके हेच पेलते.

स्टुडिओत नाटक करायचे म्हणजे काय, ते जरा समजून घेऊ. एका मोठ्या खोलीत नाटकातली तीन-चार ठिकाणे शेजारी शेजारी उभी करायची. दोन-तीन कॅमेरे. वरच्या नियंत्रण कक्षात निर्माता बसून कोणत्या क्षणी कोणता कॅमेरा घ्यायचा ते सांगतो. नाट्यगृहात प्रेक्षक स्वतः ठरवतो की गाणाऱ्याकडे बघायचे, की त्याचे गाणे ऐकताना लाजणाऱ्या नायिकेकडे. पडद्यावर हे निर्माता ठरवतो. नाट्यगृहात ऑर्गन आणि तबला रंगमंचाच्या पुढ्यात बसलेले असतात. नटाची नजर ऑर्गनवाल्याकडे जाते, ऑर्गनवाला एक सूर धरून ठेवतो, आणि तो सगळा व्यवहार प्रेक्षकाला दिसतो. स्टुडिओत साथीदार चौकटीच्या बाहेर गेले. सूर ऐकू येतो, पण तो देणारा दिसत नाही.

सर्वांत मोठा बदल वेळेचा. शंभरावर पदांचे ‘सौभद्र’ रात्रभर चाले, तेव्हा कोणी घड्याळ पाहत नसे. दूरदर्शनवर ठरलेल्या मिनिटाला बातम्या. त्यामुळे पदांना कात्री लागली, आळवणी गेली, ‘वन्स मोअर’ तर कायमचाच गेला. रिकाम्या स्टुडिओत दाद देणार कोण? नट गातो, पद संपते आणि क्षणभर जी शांतता पडते, ती जुन्या नाट्यवेड्यांना फार खुपायची.

त्यात आणखी एक दुःख. त्या काळी चित्रफीत फार महाग असे. म्हणून एकदा दाखवून झालेला कार्यक्रम पुसून त्याच फितीवर दुसरा मुद्रित करण्याची पद्धत होती. जगभरच्या दूरचित्रवाणी केंद्रांनी असे केले आणि आपल्याकडेही ते झाले. म्हणजे नाटक टिकावे म्हणून ज्या पडद्यावर नेले, तिथूनही पुष्कळसे पुसले गेले.

तरी जे वाचले, ते लाखमोलाचे आहे. पु. ल. देशपांड्यांची ‘वाऱ्यावरची वरात’ आणि ‘बटाट्याची चाळ’ चित्रमुद्रित झाली म्हणून आज आपली मुले पु. लं.ना बघू शकतात. ‘वरात’ म्हणजे गाणी, नकला, नाच, गप्पा यांचा असा खुला खेळ की त्याला कोणत्याही जत्रेचा मांडव शोभावा. पु. ल. स्वतः दूरचित्रवाणीच्या अगदी पहिल्या पिढीतले होते. त्यांनी दिल्लीच्या केंद्रासाठी पंडित नेहरूंची मुलाखत घेतली होती. कॅमेऱ्याकडे बघून बोलताना समोर एकच माणूस बसला आहे असे समजावे, ही जाण त्या मुद्रणांतून जागोजागी दिसते.

उंबरगावचे रामायण

दूरदर्शनने आपली पौराणिक रंगभूमी सबंध देशाला परत दिली, तो काळ अनेकांना आठवत असेल. २५ जानेवारी १९८७ पासून दर रविवारी सकाळी रामानंद सागर यांचे ‘रामायण’ लागे आणि रस्ते ओस पडत. ही मालिका मुंबईत नव्हे, तर आपल्या वलसाड जिल्ह्यातल्या उंबरगावला चित्रित झाली. रावण झाले होते गुजराती रंगभूमीचे अरविंद त्रिवेदी, तर दशरथ आणि कौसल्या होते आपले बाळ धुरी आणि जयश्री गडकर. विंगेतून येणारी पात्रे, रंगवलेले पडदे, लांबलचक स्वगते आणि जागोजागी पदे, हे सगळे नाटक मंडळ्यांच्याच घरातले. मराठी-गुजराती कलावंतांनी गुजरात-महाराष्ट्राच्या सीमेवर उभा केलेला हा संसार म्हणजे ‘इंद्रसभे’पासून सुरू झालेल्या देवाणघेवाणीचा पुढचा अंकच म्हणायला हवा.

जग काय करते?

सणासुदीचे संगीत नाटक पडद्यावर नेण्याचा खटाटोप केवळ आपल्याकडेच झाला असे नाही. जे. एम. बॅरी यांचे ‘पीटर पॅन’ हे नाटक लंडनमध्ये २७ डिसेंबर १९०४ रोजी, नाताळच्या सुट्टीत आले आणि मग ते दर नाताळात होऊ लागले. अमेरिकेत १९५४ मध्ये त्याचे संगीत रूप रंगमंचावर आले आणि ७ मार्च १९५५ रोजी एनबीसी वाहिनीने ते स्टुडिओतून थेट प्रक्षेपित केले. लोकांना ते इतके आवडले की पुढच्या वर्षी तेच कलावंत पुन्हा थेट उभे राहिले, कारण पहिले प्रक्षेपण नीट जपून ठेवण्याची सोय नव्हती. अखेर १९६० मध्ये ते रंगीत फितीवर मुद्रित झाले आणि वर्षानुवर्षे घरोघरी दिसत राहिले.

अगदी अलीकडचे उदाहरण २०२० चे. डॉ. स्यूस यांच्या, नाताळ चोरायला निघालेल्या ‘ग्रिंच’च्या गोष्टीवरचे संगीत नाटक अमेरिकेत सुट्टीच्या दिवसांत होत असे. करोनाने नाट्यगृहे बंद पाडली, तेव्हा ते लंडनच्या एका रिकाम्या नाट्यगृहात चित्रित करून ९ डिसेंबर २०२० रोजी टीव्हीवर दाखवले गेले. त्याच वर्षी सुरतेतही सार्वजनिक मंडप उभे राहिले नाहीत. बाप्पा घरातच बसले आणि आरत्या मोबाइलवर झाल्या. रिकाम्या खुर्च्यांसमोर गाणे म्हणजे काय, ते त्या वर्षी साऱ्या जगाला कळले. पडदा होता म्हणून सण पार पडला, हे खरे. पण पुढच्या वेळी मांडव पडला तेव्हा माणसे धावत बाहेर आली, हेही तितकेच खरे.

पडद्याने नाटक मारले का?

सभा-संमेलनांतून हा सूर नेहमी ऐकू येतो की टीव्ही आला आणि नाटक मेले. आम्हाला हे पूर्ण पटत नाही, आणि त्याचे कारण आपल्याच वस्तीत आहे.

पर्वत पाटिया, गोडादरा, डुंभाल, लिंबायत या भागांत राहणारी आपली बहुतेक घरे जळगाव, धुळे, नंदुरबारकडची. ताप्तीच्या काठाने येणाऱ्या रेल्वेने आधीच्या पिढ्या सुरतेत आल्या. कोणी यंत्रमागावर उभे राहिले, कोणी रंगाईच्या मिलमध्ये, कोणी कापड बाजारात. त्यांच्या कानावर गावाकडे काय होते? तमाशा, भारूड, अहिराणी गाणी, ओव्या. बारा तासांची पाळी करून एका खोलीत राहणाऱ्या माणसाने ‘सौभद्रा’चा प्रयोग कुठे पाहिला असणार? नाट्यगृहाच्या पहिल्या रांगेत तो कधीच नव्हता. त्याच्यापर्यंत नाट्यसंगीत आले ते आधी रेडिओवरून, मग केबलवरच्या दूरदर्शनवरून. १९९९ मध्ये अल्फा मराठी वाहिनी आली, पुढे तिचेच नाव झी मराठी झाले. दूरदर्शनच्या मराठी वाहिनीला ‘सह्याद्री’ नाव मिळाले. आणि महाराष्ट्राबाहेरच्या मराठी घरात दिवसभर मराठी ऐकू येऊ लागली. ज्याच्याकडून काही हिरावले गेले, तो “पडद्याने मारले” म्हणेल. ज्याला पहिल्यांदाच मिळाले, त्याने तसे म्हणू नये.

२०१५ च्या दिवाळीत, १२ नोव्हेंबरला, सुबोध भावे यांचा ‘कट्यार काळजात घुसली’ चित्रपट आला. १८८० च्या दिवाळीत सुरू झालेली गोष्ट सव्वाशेहून अधिक वर्षांनी पुन्हा दिवाळीतच नव्या पिढीला भेटली. सचिन पिळगावकर आणि शंकर महादेवन पडद्यावर, अभिषेकीबुवांच्या चाली आणि जोडीला शंकर-एहसान-लॉय यांची नवी गाणी. नंतर तो टीव्हीवर आला आणि ज्यांनी नाट्यगृहाची पायरीही चढलेली नव्हती अशी मुले ती पदे गुणगुणू लागली. २०२५ च्या जानेवारीत ‘संगीत मानापमान’ही चित्रपटरूपात आले. दुसरीकडे प्राजक्त देशमुख यांचे ‘संगीत देवबाभळी’ रंगमंचावरच गाजले. म्हणजे पडदाही आहे आणि रंगमंचही आहे.

मग आमची चिंता कसली? चिंता ऐकण्याची नाही, गाण्याची आहे. पडदा ऐकवतो, पण म्हणून घेत नाही. मेळ्यातल्या पोराला पद यावे लागे. मांडवातल्या प्रेक्षकाला ‘वन्स मोअर’ म्हणायचे तर कुठली जागा चांगली होती, ते कळावे लागे. आपली मुले शाळेत गुजराती, हिंदी किंवा इंग्रजीतून शिकतात. महापालिकेच्या मराठी शाळा सुरतेत आहेत, पण आपल्यातली कितीतरी घरे दुसरे माध्यम निवडतात, आणि त्यामागची कारणे आपण सगळे जाणतो. मुलांना मराठी समजते. आजीने रागावले तर बरोबर समजते! पण उत्तर येते ते हिंदी-गुजरातीतून. समजणारी भाषा आणि तोंडात येणारी भाषा यांतले अंतर एकदा वाढले की पुढच्या पिढीत समजणेही जाते. नाट्यपद म्हणताना शब्द स्पष्ट उच्चारावे लागतात, ‘ळ’ आणि ‘ण’ नीट यावे लागतात, ओळीचा अर्थ कळल्याशिवाय सूर लागत नाही. शिकवणी न लावता भाषा शिकवणारी इतकी गोड शाळा दुसरी नाही.

आपल्या मंडपासाठी

म्हणून वाचकहो, आमचा एक साधा प्रस्ताव आहे. पूर्ण नाटक बसवणे आपल्या आवाक्यातले नाही आणि त्याची गरजही नाही. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांनुसार रात्री दहानंतर ध्वनिक्षेपक बंद ठेवायचा असतो. सरकारने ठरावीक दिवसांपुरती बारापर्यंत सूट दिली तर गोष्ट वेगळी. पहाटेपर्यंतचे नाटक आता होणे नाही. पण आरतीनंतर पाऊण तास तर आपल्या हातात आहे ना?

त्या पाऊण तासात ‘सौभद्रा’तले तीन प्रवेश घ्यावेत. नाटक द्वारकेचे आहे. दोन प्रवेशांच्या मधला दुवा एखाद्या मुलीने गुजरातीतून सांगावा, म्हणजे शेजारच्या गुजराती आणि राजस्थानी घरांनाही गोष्ट कळेल. बलराम, सुभद्रा, रुक्मिणी, घटोत्कच ही नावे त्यांना नव्याने ओळखून द्यावी लागणार नाहीत. तालमीच्या आधी मुलांना दूरदर्शनने मुद्रित केलेली जुनी नाटके दाखवावीत. सह्याद्रीने त्यांतली काही इंटरनेटवर ठेवली आहेत. पडद्यावर बघून शिकायचे आणि मांडवात उभे राहून गायचे, असा दोघांचा मेळ घालता येईल. ऑर्गन नसेल तर पेटी चालेल, पण पेटीवाला मुलांच्या समोर, दिसेल असा बसवावा. आणि पदे कमी असली तरी चालतील. मात्र एखादे पद चांगले झाले तर ‘वन्स मोअर’ द्यायला कोणी लाजू नये.

आणखी एक काम. जो प्रयोग होईल, तो कोणीतरी मोबाइलवर नीट मुद्रित करून दोन-तीन ठिकाणी जपून ठेवावा. मोठ्या केंद्रांतल्या फिती पुसल्या गेल्या, त्याला महागाईचे तरी कारण होते. आपल्याकडे तेही नाही.

अर्जुन यतीच्या वेषात द्वारकेत राहिला, वेष परका होता पण मन आपल्या माणसांत होते. आपणही पोटासाठी सुरतेत आलो आणि सुरतेने आपल्याला घर दिले. इथली भाषा बोलतो, इथला गरबा खेळतो आणि दहा दिवस बाप्पाला आपल्या बोलीत हाक मारतो. ती हाक पुढच्या पिढीच्या तोंडी सुरात यावी, एवढेच बाप्पाकडे मागणे आहे.

गणपती बाप्पा मोरया!